किकरमध्ये काही बिघडलं नव्हतं

४ मार्च

सिस्टर,

बघ, सवयीने तेच लिहून गेलो. खोडत नाही, कारण खोडाखोड दिसली की तू म्हणणार, हा काहीतरी लपवतोय. तुझ्या वॉर्डात पाय मोडून पडलो होतो तेव्हा सगळे पेशंट तुला सिस्टर म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो. पुढे लग्न झालं तरी ते सुटलं नाही. बायकोला सिस्टर म्हणणारा नवरा म्हणून लोकांनी माझी किती टर उडवली, ते तुला माहीतच आहे. आता तू दुसऱ्या शहरात मुलींना नर्सिंग शिकवतेस आणि माझा फोन उचलत नाहीस, तरी माझ्या तोंडात तेच.

'जे सांगायचं ते लिहून कळव, फोनवर तुझं अर्धं लक्ष स्क्रीनकडे असतं,' असं तू जाताना म्हणालीस. म्हणून लिहितोय.

इकडे सगळं ठीक आहे. मशीन चालू आहे. न्हाणीघरातला नळ गळायचा, तो बदलून घेतला. शेजारच्या काकू तुझी चौकशी करतात. मी सांगतो, कामासाठी गेली आहे. त्या मान हलवतात, पण पटलेलं दिसत नाही.

एक वाईट झालं. पैलवानचा हात मोडला. आमचा चुंबकवाला पैलवान, तुझ्या वाढदिवसाला खुर्ची मोडून बसला होता तो. खाली मशीनच्या बोगद्यात घडीच्या शिडीवरून पडला. उजवं मनगट. किकर नावाचा एक चुंबक आहे, त्यात थोडा दोष आहे असं वाटलं होतं, तो तपासायला गेला होता. असं होतं कधीकधी.

तुला विचारायचं होतं, मनगट मोडलं की किती दिवसांनी बरं होतं? पकड पूर्वीसारखी येते का? त्याचं वय बावन्न आहे. त्याला बारीक स्क्रू फिरवायचे असतात, ते जमेल ना? प्लास्टर काढल्यावर हात दुखतो का, आणि किती? बोटं सुजली आहेत, ते साहजिक आहे का? डॉक्टर नीट सांगत नाहीत. तू सांग.

मी बरा आहे.

१३ मार्च

सिस्टर,

तुझं कार्ड मिळालं. बोटं सुजतात, हात उंच ठेवायचा, प्लास्टर दीड महिना, मग व्यायाम, पकड येते पण चिकाटी लागते. पैलवानला तसंच्या तसं वाचून दाखवलं. वहिनींनी लगेच उशा रचून त्याचा हात वर ठेवला. तो म्हणाला, 'रहदारी पोलीस केला माझा.'

पण खाली तू लिहिलंयस, 'मला ताप यायचा तेव्हा तू थर्मामीटरसुद्धा शोधला नाहीस. दुसऱ्याच्या मनगटाचे एवढे प्रश्न कशाला? काय झालंय?'

काही झालेलं नाही. मित्राची चौकशी करू नये का माणसाने?

हे लिहून मी उठलो, भांडी घासली आणि परत बसलो. काय झालंय ते सांगायचं तर आधी माझं काम सांगावं लागेल. ते मी तुला कधी सांगितलंच नाही. नव्या नवलाईत तू विचारायचीस, आणि मी म्हणायचो, 'सोड, डोक्यावरून जाईल.' तुझ्या डोक्यावरून काही गेलं नसतं. मला सांगायचा कंटाळा होता. वर लोक गमतीने म्हणायचे, नवरा-बायको दोघंही इंजेक्शनं देतात, आणि आपण दोघं हसायचो. तू हसायचीस खरी, पण मी नक्की कसलं इंजेक्शन देतो ते तुला ठाऊक नव्हतं.

तर ऐक. सगळं सुरू होतं एका बाटलीपासून. हायड्रोजन वायूची बाटली, तुमच्या वॉर्डातल्या ऑक्सिजनच्या बाटलीची धाकटी बहीण. त्या वायूच्या कणांवरचे इलेक्ट्रॉन काढून टाकले की उरतात प्रोटॉन. त्यांना एका लांब सरळ नळीत विजेचे धक्के देत पळवायचं. मग एका छोट्या रिंगमध्ये घालायचं, तिथून तिच्याहून मोठ्या रिंगमध्ये, तिथून आणखी मोठ्या. प्रत्येक ठिकाणी त्यांची ताकद वाढते. शिवाय त्या झोताचे तुकडे पाडून ते ओळीत लावतात. त्या एकेका तुकड्याला आम्ही बंच म्हणतो. खरी मेहनत आहे ती त्यांना पसरू न देण्यात. पसरलेला झोत कुणाच्या कामाचा नाही. म्हणून ठिकठिकाणी चुंबक लावून त्याला घट्ट धरून ठेवायचं.

अशी तयारी झाली की बंचची गाडीच्या गाडी शेवटच्या सगळ्यात मोठ्या रिंगमध्ये सोडायची. एक अख्खं शहर आत मावेल एवढी ती रिंग, जमिनीखाली. तिच्यात दोन नळ्या, एकीतला झोत उजवीकडे फिरतो, दुसरीतला डावीकडे. दोन्ही भरल्या की त्यांची ताकद आणखी वाढवून समोरासमोर टक्कर. टकरीतून काय निघतं ते बघणारे लोक वेगळे. भरायचं काम माझं, त्यालाच आम्ही इंजेक्शन म्हणतो.

गाडी बाहेरून तिरकी येते. तिला रिंगच्या वाटेला लावायला शेवटी एक टोला द्यावा लागतो. तो देणारा चुंबक म्हणजे किकर. पापणी लवायच्या कितीतरी आत त्याला चालू होऊन बंद व्हावं लागतं. त्या झटक्याला पल्स म्हणतात, तिची रेषा स्क्रीनवर उमटते. लवकर उडाला तर आधीपासून फिरणाऱ्या बंचना लाथ बसते. उडालाच नाही तर नवी गाडी वाट चुकते. चुकलेल्या गाडीसाठी पुढे एक जाड ठोकळा ठेवलेला असतो, तो सगळा मार अंगावर घेतो. एका गाडीत किलो-दोन किलो तांबं वितळावं एवढी ताकद असते. म्हणून आम्ही भरलेली गाडी एकदम सोडत नाही. आधी एकटा, अगदी अशक्त बंच पाठवायचा. त्याला पायलट म्हणतात. तू नाही का, औषध देण्याआधी कातडीखाली थेंबभर टोचून बघायचीस, पेशंटला सोसतंय का ते? तेच. पायलट नीट फिरला की मग खरी गाडी. आणि ती मागवायला मी करतो ते एवढंच, माउसचं बटण दाबायचं.

जानेवारीत मी असंच बटण दाबलं आणि किकर उडालाच नाही. पूर्ण गाडी ठोकळ्यावर गेली. त्याच्यासाठीच तो ठेवलाय, त्यामुळे फारसं काही बिघडलं नाही. आजूबाजूचे चुंबक तापले, दोन दिवस मशीन बंद राहिलं. एक सुटा भाग निकामी झाला होता, तो पैलवानने बदलला. माझी काहीही चूक नव्हती. मॅडमनी, म्हणजे आमच्या शिफ्टप्रमुखांनी, हे सगळ्यांसमोर सांगितलं.

आता माझा चहा गार झाला. पुढचं उद्या लिहितो.

१४ मार्च

सिस्टर,

कालचं पत्र टपालात टाकलं आणि लगेच वाटलं, पेटीत हात घालून परत काढावं. 'माझी काहीही चूक नव्हती' हे वाक्य खरं आहे, पण ते मी ज्या थाटात लिहिलं तो थाट खोटा आहे.

जानेवारीनंतर मला बटण दाबता येईना. त्या दिवशी स्क्रीन लाल झाला तेव्हा मी घाबरलो नव्हतो. पुढच्या आठवड्यात, सगळं दुरुस्त झाल्यावर, पायलट नीट फिरत असताना घाबरलो. बोट माउसवर होतं आणि ते खाली जाईना. शेजारी चिमणी बसली होती. ती आमच्यातली नवी ऑपरेटर, आवाजावरून नाव पडलं. तिला म्हणालो, 'तू घे, मी जरा जाऊन येतो.' आणि संडासात जाऊन उभा राहिलो. बाहेर आलो तोवर गाडी रिंगमध्ये फिरत होती.

पुढे तेच सुरू झालं. गाडी सोडायची वेळ आली की मला फोन करायचा असे, नाहीतर चष्मा सापडत नसे. चिमणीने एकदाही काही विचारलं नाही. नुसती म्हणायची, 'सर, मी करू?' जणू तिलाच हौस. मशीनवर सगळ्यांत जास्त अनुभव माझा. माझ्याकडून लोक शिकले. आणि मी एका पोरीच्या आड लपत होतो.

पैलवान पडला त्या दिवशी ती दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. येते म्हणाली होती, आली नाही. पायलट मी कसाबसा पाठवला. तो छान फिरला. मागच्या रिंगवाल्याचा फोन आला, 'गाडी तयार आहे, घेताय ना?' मी म्हणालो, 'थांब.' त्याने पुन्हा विचारलं. टकरींची वाट बघणारे लोक फोनवर होते, मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'काय अडलंय?'

मी म्हणालो, 'किकरची पल्स मला मघाशी वाकडी दिसली.'

'नोंद तर सरळ आहे.'

'एकदाच दिसली. नोंदीत आली नसेल.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'तू म्हणतोयस तर असणार.'

सिस्टर, मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. हे वाक्य सोसत नाही. मी म्हणतोय तर असणार, म्हणून त्यांनी झोत काढून टाकला, मशीन थांबवलं आणि पैलवानला खाली पाठवलं. तो बिचारा दिवसभर केबलचं एकेक टोक उघडून बघत होता. मी वरून त्याच्याशी बोलत होतो. 'डावीकडचं बघितलंस का?' 'बघितलं, काही नाही.' 'मग वरचं बघ.' वरचं बघ असं मीच म्हणालो. वरचं बघायला तो शिडीवर चढला.

पल्स वाकडी नव्हती. मला काही दिसलं नव्हतं.

आता तू म्हणशील, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? रोज ठरवतो. तेवढ्यात कुणीतरी माझ्याशी चांगलं वागतं आणि राहून जातं.

तुला आणखी एक सांगतो. ट्रकने आपली गाडी घासली त्यानंतर तुला स्टिअरिंग धरवेना. पाहुण्यांसमोर मी म्हणालो होतो, 'सुई टोचताना हिचा हात कापत नाही, चाक धरताना कापतो.' सगळे हसले. तू पाणी आणायला म्हणून आत गेलीस आणि बराच वेळ आलीच नाहीस. मला वाटलं, आत काम असेल. जाताना तू म्हणालीस, 'तुला कशाचीच भीती वाटत नाही, म्हणून तुला माणसं कळत नाहीत.' ते मी दोन वर्षं कौतुक म्हणून मनात ठेवलं होतं. इतका मी मठ्ठ.

१९ मार्च

सिस्टर,

सांगून आलो. तुझ्या पत्राची वाट बघितली नाही. वाट बघत बसलो असतो तर तीही एक सबबच झाली असती.

घाई करावी लागली त्याला कारण होतं. सोमवारी पैलवानकडे गेलो. मी संत्री नेली होती. ती सोलायची कशी एका हाताने, म्हणून मीच सोलून देत होतो. तो खात नव्हता. म्हणाला, 'झोप लागत नाही रे.'

'दुखतं का?'

'हात नाही दुखत. त्या किकरमध्ये दोष आहे आणि मला सापडला नाही. सगळं उघडून बघितलं. आधी असं कधी झालं नव्हतं. डोळे गेले की डोकं गेलं, कळत नाही.' मग म्हणाला, 'मॅडमना सांगितलंय, अख्खा चुंबक बदला. कितीही दिवस लागले तरी बदला. पुन्हा गाडी ठोकळ्यावर गेली तर तो माझा दोष.'

चांगला चुंबक उपटून काढणार, मशीन कित्येक आठवडे बंद राहणार, आणि हा माणूस स्वतःला म्हातारा समजून बसणार. माझ्या हातात संत्र्याची फोड होती. ती मी बशीत ठेवली आणि म्हणालो, 'किकरमध्ये काही बिघडलेलं नाही. मी खोटं बोललो. मला गाडी सोडायची भीती वाटते, म्हणून.'

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर त्याने डावा हात वर केला.

'म्हणजे किकर ठीक आहे?'

'ठीक आहे.'

'माझ्या तपासणीत काही राहिलं नव्हतं?'

'काहीच नाही.'

त्याने डोळे मिटून श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की एक क्षण मला वाटलं, सुटलो. अगदी हलकं वाटलं, त्याचीही आता लाज वाटते. मग त्याने डोळे उघडले. आवाज न चढवता म्हणाला, 'आता ऊठ आणि जा. तुझी वहिनी चहा आणेल, तो न घेता जा.'

वहिनी खरंच चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाट द्यायला त्या बाजूला सरकल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेलो. त्यांना सांगायला तेवढा वेळ लागला नाही. त्यांनी विचारलं, 'जानेवारीपासून?' मी हो म्हणालो. 'आणि चिमणीला माहीत होतं?' मी म्हणालो, 'तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिला यात घेऊ नका.' त्या म्हणाल्या, 'भीती वाटते म्हणाला असतास, तर मी तुला दुसऱ्या खुर्चीवर बसवलं असतं. एवढंच झालं असतं. तू खोटा दोष सांगितलास. उद्या तू खरा सांगितलास तर मी काय करू?'

आता मी कन्सोलवर, म्हणजे त्या बटणापाशी, नाही. चौकशी होईल, कागदावर ताशेरे येतील, ते यायलाच हवेत. चुंबक बदलायचं रद्द झालं.

तुला खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, कबूल केल्यावर लाज कमी होते. होत नाही. फक्त पोटातली चेहऱ्यावर येते. कँटीनमध्ये ताट घेऊन उभा राहिलो की कुठल्या टेबलाशी जावं ते कळत नाही.

२ मे

सिस्टर,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही चांगलं नव्हतं. आजही फार नाही.

मला चुंबकांच्या विभागात दिवसपाळी दिली आहे. ते मीच मागितलं. पैलवानला अजून हाताने जोर करता येत नाही, त्याला हात हवे होते. त्याला विचारलं तेव्हा तो मॅडमना म्हणाला, 'पाठवा. माणूस म्हणून नको, पाना म्हणून पाठवा.' तसाच गेलो. तो सांगतो, मी आवळतो. 'अर्धा फेरा. बस. पुढचा.' याखेरीज तो माझ्याशी बोलत नाही. जेवायला वेगळा बसतो. परवा माझ्या हातून नटाखालचं वायसर पडलं, ते शोधायला मी ओणवा झालो तेव्हा म्हणाला, 'डोकं सांभाळ, वर लोखंड आहे.' यात मैत्री नव्हती, सुरक्षेचा नियमच आहे तसा. तरी मला घरी येईपर्यंत ते आठवत होतं.

रबरी चेंडू दाबायचा तुझा व्यायाम तो करतो. चेंडू मी आणला हे त्याला माहीत नाही, वहिनींना माहीत आहे.

कंट्रोल रूममध्ये मी जात नव्हतो. मंगळवारी दुरुस्तीनंतर मशीन पुन्हा भरायचं होतं आणि आम्ही तपासलेला किकर नीट उडतोय का, हे बघायला विभागातला एक माणूस वर लागतो. पैलवानने मला पाठवलं. मुद्दाम पाठवलं की दुसरं कुणी नव्हतं, कळलं नाही. चिमणी कन्सोलवर होती. पायलट गेला, फिरला, रेषा स्क्रीनवर सरळ आली. मागच्या रिंगवाल्याने गाडी तयार असल्याचं सांगितलं. चिमणी खुर्चीवरून थोडी सरकली आणि हळूच म्हणाली, 'सर, तुम्ही करता का? मॅडमना विचारलंय मी.'

तिने चांगुलपणाने विचारलं होतं. मागे सातआठ जण उभे होते. पूर्वी अशा वेळी मला चष्मा शोधायचा असायचा. चष्मा नाकावरच होता.

मी म्हणालो, 'नको. मला अजून भीती वाटते. तू कर.'

मोठ्यानेच बोललो असणार, कारण मागून एकजण फिसकन हसला. मॅडमनी त्याच्याकडे वळून बघितलं तसा तो थांबला. मला राग आला नाही. आपल्या पाहुण्यांचं हसणं आठवलं, इतकंच. चिमणीने बटण दाबलं. पल्स सरळ होती. वहीतल्या नोंदीशी ताडून मी ती दोनदा बघितली आणि म्हणालो, 'सरळ आहे.' मॅडमनी चिमणीला विचारलं, 'तुलाही सरळ दिसते ना?' माझ्या शब्दावर त्या आता विसंबत नाहीत. बरोबर आहे त्यांचं. चिमणी हो म्हणाली आणि पुढची गाडी मागवली. गाड्या एकामागून एक येत गेल्या, रिंग भरली. मी खाली येऊन पैलवानला सांगितलं, 'प्रत्येक वेळी नीट उडाला.' तो म्हणाला, 'उडणारच.'

तुझं पत्र काल आलं. एवढ्या सगळ्यावर तू चारच ओळी लिहिल्यास. 'वाचलं. पैलवानने चेंडू दोन्ही वेळा दाबायला हवा. गाडी चालवायच्या शिकवणीला परत नाव घातलंय, मास्तरीण चांगली आहे, अजून मी गल्लीच्या बाहेर गेले नाही.' आणि शेवटी, 'हल्ली तू घरी किती वाजता येतोस?'

हा प्रश्न तू इथे होतीस तेव्हा रोज विचारायचीस. मी दाराबाहेर पडता पडता काहीतरी आकडा फेकायचो आणि तू त्या हिशेबाने भात लावायचीस. एकदाही मी त्या वेळेला आलो नाही, आणि कशाला विचारतेस असंही वर म्हणायचो. पैलवानसमोर बसलो होतो तेव्हा जेवढी लाज वाटली नाही, तेवढी काल तुझी ती ओळ वाचून वाटली.

सहाला येतो. रोज.